डोळे आखायच्या आधी

चांभाराच्या पोराने गणपती करायचा, म्हणून वकीलसाहेबांनी मला मुंबईहून मुद्दाम बोलावून घेतलं. चित्रकलेच्या शाळेतून मी नुकताच बाहेर पडलो होतो. रत्नागिरीतल्या त्यांच्या घरी आषाढापासून माझा आणि एका कवीचा मुक्काम. मी मूर्ती करायची, शेजारच्या खोलीतल्या कवीने समतेची गाणी रचायची आणि चतुर्थीला सगळ्या जातींनी एकत्र आरती करायची, असा बेत. जेवायला पंगत एकच असे, खोटं कशाला बोलू? पण पाहुणे आले की साहेब मला ओटीवर बोलावून दाखवत, "हे आमचे मूर्तिकार!" चारचौघांत अहोजाहो, एरवी अरेतुरे. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मूर्ती मात्र झकास उतरली. माती वाळली, रंग चढले, राहिली आखणी. म्हणजे देवाचे डोळे रेखायचे. मूर्तीचा सगळा जीव त्या रेघेत. माझ्या आवशीचा जन्म देवळाच्या आवाराबाहेरून हात जोडण्यात गेला, देवाचं तोंड तिला कधी धड दिसलं नाही. तिला मी सांगून ठेवलं होतं, या देवाचे डोळे मी आखणार. ती वाडीभर सांगत सुटली होती.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी कुंचला धुतोय, तोच साहेब आले.

"हे बघ, डोळ्यांसाठी खालच्या आळीतला नेहमीचा गणपतीवाला सांगितलाय."

"का? माझा हात वाईट आहे?"

"हाताचं नाही रे. डोळे नाहीत तोवर ती नुसती माती. मातीला कोण काय म्हणणार? डोळे आले की देव झाला. मग लोक बिथरतील. जरा दमाने घे."

माझं डोकंच फिरलं. मी कोपऱ्यात बसलेल्या कवीकडे पाहिलं. समता समता करून घसा बसवला होता त्याने; आता मान खाली घालून नखं कुरतडत बसला.

मी मूर्तीचा पाट धरला, ओटीवरून ओढत नेला आणि अंगणात पागोळीखाली सारला. पाऊस धो धो कोसळत होता. आधी रंग ओघळला, मग सोंड खचली.

"अरे नालायका, काय करतोस हे?" साहेब किंचाळले. "देव आहे तो! देव!"

"कधी झाला?" मी ओरडलो. "डोळे कुठायत त्याला?"