घोडपदेवचा अहवाल

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

ज्यांना जामीनदार मिळत नाही, असे कच्चे कैदी तुरुंगात नुसते सडत असतात. त्यातल्या काहींना स्वतःच्या हमीवर सोडावं म्हणून आमची संस्था कोर्टाला अहवाल देते. माणूस खरंच त्या पत्त्यावर राहतो का, घरचे आहेत का – एवढंच बघायचं. ते बघायला मी जाते.

संतोषवर तांब्याच्या वायरी चोरल्याचा आरोप होता. पत्ता घोडपदेवच्या चाळीतला, दुसरा मजला. मी गेले – गणपतीच्या आदल्या दिवशी. खोलीला कुलूप. आता सांगा, गणपतीत लालबाग-परळकडच्या कोकणी माणसाच्या दाराला कुलूप दिसलं, तर त्याचा अर्थ कोणाला कळत नाही? शेजारचं दार उघडं होतं. विचारायला कितीसा वेळ लागला असता? पण घरी आरास अर्धवट होती, दादरला फुलं घ्यायची होती. ‘खोली बंद’ लिहिलं की सणानंतर पुन्हा जावं लागतं. म्हणून मी लिहिलं – ‘पत्त्यावर राहत नाही.’

कोर्टाने त्याला सोडलं नाही.

पंधरा दिवसांनी त्याची आई ऑफिसात आली. "बाई, आमी गणपतीक गावाक गेल्लो. चावी बाजूच्या वयनीकडे होती. कोणी इचारूक इलाच नाय."

"कोर्टाचं असतं ते, मावशी," मी म्हटलं.

नवा अहवाल देता आला असता. पण मग पहिला खोटा ठरला असता – आणि मी भित्री आहे. संतोष वर्षभर आत राहिला. पन्नास जणांच्या बराकीत दीडशे माणसं, कुशीवर झोपायचं. शेवटी निर्दोष सुटला.

आणि याहून लाज वाटावी असं पुढेच आहे. तुरुंगातल्या गर्दीवर मी भाषणं देते, तेव्हा त्याचंच उदाहरण देते. म्हणते, पडताळणीला गेलेल्या माणसाने शेजारी विचारलंसुद्धा नाही. लोक हळहळतात.

मागच्या महिन्यात परळच्या सभेला त्याची आई आली होती. भाषण संपल्यावर जवळ येऊन तिने विचारलं, "त्या माणसाचा नाव काय ओ?"

"तो आता नोकरीत नाही," मी म्हटलं.

मी नोकरीत आहे. परवाच एका नव्या अहवालावर सही केली.