नर्सबाईंचं नाक

नर्सबाई घड्याळ बघून बिस्किटं भाजत नसत. मनगटावर घड्याळ होतं, रोज न चुकता चावी दिलेलं. सगळी नोकरी त्यांनी त्याच्याकडे बघत लोकांच्या नाड्या मोजण्यात घालवली होती. पण जर्मनचं मोठं पातेलं एकदा कोळशाच्या शेगडीवर चढलं, आत तापलेली वाळू, वाळूवर बिस्किटांची ताटली आणि झाकणावर निखारे अशी मांडणी झाली, की बाई शेगडीकडे पाठ करून बसत आणि भलत्याच विषयावर बोलायला लागत. कुणाची सून बाळंतपणाला आली, कुणाच्या गुडघ्यात पाणी झालंय, काहीही. बोलता बोलता मधेच हात वर जाई. "उतरव." मी पातेलं उतरवायची, चिमट्याने निखारे बाजूला करून झाकण काढायची. बिस्किटांच्या कडा तेवढ्या बदामी, मधला भाग पांढरा. मी या गावात आल्यापासून पुढची कितीतरी वर्षं एकदाही चुकल्याचं आठवत नाही. कुणी विचारलं, तर म्हणत, "घड्याळ पेशंटला. बिस्किटाला नाक."

झाकण मधे उघडायला सक्त मनाई होती. उघडलं की राख आत पडते आणि धग निघून जाते. लग्न होऊन मी श्रीगोंद्याहून बेलापूरला आले, तेव्हा शेजारच्या या बाईंकडे पहिल्यांदा सासूबाईंनीच पाठवलं होतं, डबा परत द्यायला. मला धीर कमी. पातेल्याकडे बघून मी म्हणाले, "आत काय चाललंय ते बघू का जरा?" त्यांनी माझा हात असा धरला की मला इंजेक्शन आठवलं. "पोरी, आतलं आत चालू दे. तू वास घे." त्या दिवसापासून मी त्यांची बिनपगारी मदतनीस झाले.

बाई मूळच्या नेवाशाकडच्या. ख्रिश्चन घर, नोकरी मिशनच्या दवाखान्यात. तिथल्याच एका जुन्या मेट्रनबाईंकडून त्या ही जामची बिस्किटं शिकल्या होत्या. दोन चकत्या, वरच्या चकतीला मधोमध भोक. ते भोक पाडायला त्यांच्याकडे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण होतं, पत्र्याचं, उकळून उकळून रंग गेलेलं. जाम परसातल्या लाल गराच्या पेरूचा. उरलेल्या पिठाला तुपाचे हात लावून त्या पदर सुटलेल्या चौकोनी पुड्या करत, आत जाम भरून चारी टोकं दुमडलेल्या. त्यांना त्या 'पाकिटं' म्हणत. नाताळात गल्लीतल्या प्रत्येक घरी डबा जायचा आणि दिवाळीत तो फराळ भरून परत यायचा. आमच्या सासूबाई उपासतापास कडक पाळणाऱ्या, पण ही पाकिटं मात्र देवापुढे ठेवायच्या आधीच एक गट्टम करायच्या.

बाईंची दवाखान्यातली वाक्यं स्वयंपाकघरात सर्रास चालत. हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय मैद्याला शिवायचं नाही. पीठ मळताना बोलायचं नाही. आणि एक वाक्य त्या नेहमी म्हणत, कुणाच्या आजारपणाचा विषय निघाला की हमखास: "पेशंटला धीर द्यायला एखाद्या वेळंस खोटं बोलावं. पण घरच्यांस्नी खरं सांगावं. उशापाशी त्यांनाच बसायचं असतंय." मी मान डोलवायची. माझ्या पोटात तसंही काही राहत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात बाई तापाने पडल्या. दहा-बारा दिवस अंथरूण धरलं, मग उठल्या, पहिल्यासारख्या परसात फिरायला लागल्या. पुण्याला त्यांची एकुलती लेक असते, रूथताई. ती येऊन राहिली आणि जाताना नेहमीचं बोलली, "आई, आता पुण्याला चल. एकटीने किती दिवस?" बाईंनी नेहमीचं उत्तर दिलं, "ह्या शेगडीपासनं उठले की मी पाहुणी. लेकीकडं पाहुणी म्हणून मला जायचं न्हाई." रूथताई म्हणाली, "पुन्हा काही झालं, तर मात्र मी विचारणार नाही, सरळ घेऊन जाईन." ती मायाळू आहे, पण शब्दाची पक्की. बाईंना ते माहीत होतं.

त्या दिवाळीत नर्सबाईंची नानकटाई जरा जास्तच लाल आली. सासूबाई म्हणाल्या, "वय झालं बाईचं." मलाही तेवढंच वाटलं. एवढी त्यांच्या मागे मागे फिरणारी मी, पण लक्षात आलं नाही, याचा राग मला अजून माझाच येतो.

दिवाळी झाली आणि थंडी पडायला लागली. एका दुपारी मी पेरूंची टोपली घेऊन त्यांच्या मागच्या दाराने आत शिरले, आणि दारातच थबकले. घरभर गॅसचा वास. वाऱ्याने पीठ उडतं म्हणून बाई खिडक्या लावून बसत, तशा त्या लावलेल्या. ओट्यावर जामचं भांडं उतू जाऊन बर्नर विझलेला आणि बटण तसंच चालू. खाली पाटावर बाई शांत बसलेल्या, समोर कोळसे रचलेली शेगडी, हातात काडीपेटी, आणि काडी बाहेर काढलेली.

मी टोपली टाकली. पेरू घरभर गेले. "काडी वढू नका!" मी ओरडले आणि त्यांचं मनगट धरलं, घड्याळासकट. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, त्यांना दंडाला धरून परसात आणलं. बाई म्हणाल्या, "काय गं, येड लागलं का तुला?" मग त्यांनी वळून ओट्याकडे बघितलं. विझलेला बर्नर, वरून ओघळलेला जाम. चाळीस वर्षं नर्सचं काम केलेली बाई. त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्या पेरूच्या आळ्यापाशी खाली बसल्या.

"मला वास येत न्हाई," त्या म्हणाल्या. "तापापासनं. कशाचाच."

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा हात धरला. "रूथला सांगू नको. ती उद्याच गाडी घिऊन ईल. तुला शपथ हाय." आणि मी, जिच्या पोटात काही राहत नाही ती, हो म्हणाले. त्यांचा चेहरा बघून दुसरं काही म्हणताच आलं नाही.

मग आमचं ठरलं. सकाळी आणि संध्याकाळी मी त्यांच्या घरात जाऊन नाक लावून यायचं, गॅसचं बटण बघायचं, दूध हुंगायचं. मी तिथे असल्याशिवाय त्यांनी गॅस पेटवायचा नाही. आणि बिस्किटं भाजताना, कुणी बसलेलं असलं, तर वास बरोबर आला की मी म्हणायचं, "नर्सबाई, चहा टाकू का?" त्यावर त्यांनी हात वर करायचा. "उतरव." महिनाभर हे इतकं छान जमलं की गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "बाईंच्या नाकाला अजून धार हाय." बाई पदराआडून माझ्याकडे बघून हसायच्या. मीही मनातून फुगले होते. बेलापुरातलं सगळ्यात नामांकित नाक आता माझं होतं, फक्त कुणाला ठाऊक नव्हतं.

नाताळच्या दोन दिवस आधी रूथताई आली. आणि त्याच पहाटे मला सर्दी झाली. साधीसुधी नाही, डोक्यात दगड भरल्यासारखी. मसाल्याचा डबा उघडून नाकाशी धरला, तरी काही नाही. त्याच वेळी जाऊन सांगायला हवं होतं. पण सांगितलं, तर बाई बिस्किटं रद्द करतील, आणि त्यांनी नाताळची बिस्किटं रद्द केली, तर रूथताई लगेच ओळखेल, असा मी हिशेब केला. आणि खरं सांगायचं, तर मिरवायची सवयही लागली होती.

बाईंनी दारातच माझा बसलेला आवाज ओळखला. रूथताई परसात होती. "वाफ घेतली का?" त्यांनी हळूच विचारलं. "घेतली." "नाक चालतंय ना?" मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "चालतंय की."

पहिली ताटली चढली. झाकणावर निखारे मांडले. बाई शेगडीकडे पाठ करून बसल्या आणि कुणाच्या तरी मूतखड्याची गोष्ट सुरू केली. रूथताई उंबऱ्यावर मटार सोलत बसली. मी पातेल्याकडे नाक करून बसले होते आणि माझ्या नाकाला कसलाही पत्ता नव्हता. मनातल्या मनात आकडे मोजायला लागले. दोनशेच्या पुढे चुकले, परत मोजले. बाई बोलत होत्या, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांची नजर माझ्याकडे येऊन जात होती.

"आई, काय मस्त वास सुटलाय गं," रूथताई म्हणाली.

तेव्हाच चहाचं बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, ताईला काय कळतंय, कच्च्या तुपाचाही वास छानच येतो. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी काहीच बोलले नाही, म्हणून त्याही म्हणाल्या, "हां. अजून जरा." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच त्यांचं चुकलं.

झाकणाच्या कडेने धूर दिसला, तेव्हा रूथताई मटाराची परात बाजूला सारून उठली. "आई, करपतंय! एवढा वास येतोय, तुला येत नाही का?" तिने पातेलं उतरवून झाकण काढलं. चकत्या काळ्या ठिक्कर. बाई म्हणाल्या, "बोलण्याच्या नादात ध्यान राह्यलं न्हाई." आवाज नेहमीचाच होता, पण हातातलं औषधाचं टोपण त्या उगाच फिरवत होत्या.

रूथताईने झाकण बाजूला ठेवलं. ती माझ्याकडे वळली. "वहिनी, खरं सांगा. आईला वास येतो का?"

बाईंनी मान किंचित हलवली. नको, अशी. मला शपथ आठवत होती. पण गॅसच्या दिवशीची त्यांच्या हातातली ती काडीपण दिसत होती, पेटीतून बाहेर काढलेली. त्या दिवशी मी चार मिनिटं उशिरा गेले असते, तर? आणि आज माझं नाक बंद होतं, म्हणजे पहाटेपासून त्या घराला नाकच नव्हतं. मी सांगितलं. तापाचं, गॅसचं, चहाचं, सगळं. सर्दीचंही. सांगताना मी रडत होते.

मग बाईंनी दुसरी ताटली उचलली आणि लेकीपुढे धरली. "ही लाव. आता तूच वास घे." त्या दिवशीची बिस्किटं रूथताईच्या नाकावर भाजली गेली आणि चांगली झाली. माझ्याशी बाई एक शब्द बोलल्या नाहीत. नाताळचा डबासुद्धा सासूबाईंच्या हातात दिला.

चौथ्या दिवशी गाडी निघाली. सामान दोनच बॅगा. घराची किल्ली त्यांनी सासूबाईंकडे दिली, गल्लीतल्या एकेकीचा निरोप घेतला. मी फाटकाशी उभी होते, नाक पुसत. मला वाटलं, शपथ मोडली, आता ही बाई जन्मात माझं तोंड बघायची नाही. गाडी सुरू झाली, थोडी पुढे गेली आणि थांबली. काच खाली झाली.

"वाफ घे," बाई म्हणाल्या. "नुसतं खोटं बोलून नाक मोकळं व्हत न्हाई."

काच वर गेली. मी तिथेच उभी राहिले. रूथताईला सांगितल्याचा त्यांना राग नव्हता. नाक चालतंय म्हणाले, त्याचा होता. हे मला घरात येऊन भांडी घासताना कळलं, आणि त्यानंतर मला जास्तच रडू आलं.

वर्षभर फोन रूथताईचेच यायचे. बाई बऱ्या आहेत, इथे करमत नाही म्हणतात, फाटकाबाहेर जाऊन भाजीवाल्याची नाडी बघतात. बाई स्वतः फोनवर येत नव्हत्या. मी विचारायची, तेव्हा रूथताई दुसराच विषय काढायची.

मग गेल्या डिसेंबरात एका सकाळी फोन आला, नाव रूथताईचं, आवाज दुसराच. "पेरू लागले का?"

"लागलेत," मी म्हणाले. "फांद्या वाकल्यात."

"मग बसलीस काय? टोपण खिडकीतल्या डब्यात हाय. कोळसा मोरीमागं." पुढे म्हणाल्या, "हितं ओव्हन हाय रूथचा. टिंग वाजतं. माणसानं बसायचं कशाला मग?"

मी किल्ली घेतली, त्यांचं घर उघडलं, खिडक्या उघड्या ठेवून जाम शिजवला. शेगडी पेटवायच्या आधी गॅसचं बटण तीनदा बघितलं. पातेलं चढवलं, निखारे मांडले. फोन फडताळावर उभा करून ठेवला आणि शेगडीकडे पाठ करून बसले. पुण्याहून बाईंनी त्यांच्या सोसायटीतल्या कुणाच्या तरी पित्ताची गोष्ट सुरू केली. मी हं हं करत होते. नाक मोकळं होतं. आधी तुपाचा वास आला, मग मैद्याचा, आणि मग कडा बदामी व्हायला लागल्या की येतो तो, जो त्यांनीच मला ओळखायला शिकवला होता.

"नर्सबाई," मी म्हणाले, "चहा टाकू का?"

पित्ताची गोष्ट थांबली. पुण्याला, लेकीच्या घरात, त्यांनी हात वर केला असणार, मला दिसलं नाही.

"उतरव," त्या म्हणाल्या.