खंडेनवमीचे कुंकू

भास्कररावांचे पणजोबा गायकवाडी घोडदळात होते, आणि हे ते कोणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगणारच. सुभानपुऱ्यातल्या घरी पणजोबांची तलवार अजून आहे. स्वतः भास्करराव मात्र आमच्या रसायन कारखान्याच्या लॅबमध्ये आयवॉश सांभाळायचे. डोळ्यांत काही उडाले की त्याची दांडी दाबायची, पाणी थेट डोळ्यांवर येते. दर सोमवारी ते तीन मिनिटे पाणी सोडून बघत आणि कार्डावर सही करत.

"राव, पाणपोईला पहारा कसला?" मी चिडवायचो. ते हसत नसत.

त्या वर्षी खंडेनवमी सोमवारी आली. शस्त्र पुजले की त्या दिवशी वापरायचे नाही, हा त्यांच्या घरचा दंडक. त्यांनी आयवॉशला हळदकुंकू लावले, झेंडूचा हार घातला. नळ जरा ठिबकत होता, कुंकू ओघळू लागले. म्हणून त्यांनी खालचा व्हॉल्व्ह बंद केला आणि पाणी न सोडताच सही ठोकली. मी शेजारीच प्रसादाचा पेढा खात उभा होतो.

मंगळवारी दसऱ्याची सुट्टी. बुधवारी सकाळी आमची तरुण केमिस्ट श्रद्धा, तिच्या डोळ्यांत कॉस्टिक सोडा उडाला. चाचपडत तिने आयवॉश गाठला, दांडी दाबली. थेंब नाही.

"पाणी नथी! काका, पाणी!" ती गुजरातीत ओरडली.

भास्कररावांनी धावत येऊन व्हॉल्व्ह उघडला. तोवर अर्धे मिनिट गेले होते.

चौकशीत कार्डावर सही सापडली. कोणाचा तरी पाय लागून व्हॉल्व्ह फिरला असेल, असे ठरले. शिवाय मदतीला धावल्याबद्दल भास्कररावांना शाल-श्रीफळ! ते मान खाली घालून बसले होते. मी टाळ्या वाजवल्या. अजून आठवले की स्वतःची लाज वाटते.

दोन महिन्यांनी श्रद्धा परतली. मी शेजारीच आयवॉशची कार्डे चाळत बसलो होतो. डाव्या डोळ्याने तिला आता धूसर दिसते. पेढ्यांचा पुडा पुढे करून ती म्हणाली, "काका, तुम्ही धावलात म्हणून एक तरी डोळा वाचला."

भास्कररावांनी पुडा घेतला नाही. "श्रद्धाबेन, व्हॉल्व्ह मीच बंद केला होता. कुंकू ओघळत होतं म्हणून."

"कुंकू?"

ते तिच्यासमोरून हलले नाहीत. ती माझ्याकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

मी कार्डे चाळत राहिलो.