दोनदा कापलेलं वजन

"काटा खोटं बोलत नाही, बोलतो तो काट्यावर माल चढवणारा." गोदीच्या फाटकालगत वजनकाट्याची एक बुटकी खोली होती. तिच्यात बसून काटेमामा हे वाक्य दिवसातून निदान दोनदा म्हणायचे. त्यांचं खरं नाव गोदीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची गरजही कुणाला वाटली नाही. बत्तीस वर्षं त्यांनी जहाजावर जाणारी प्रत्येक वस्तू तोलली होती. बिजागऱ्या, दोरखंड, भटारखान्याच्या किटल्या, एकदा तर कप्तानाच्या खुर्चीची गादीसुद्धा.

माणसांवरही त्यांची नजर तशीच. मुलीला बघायला जहाजं आखणाऱ्या ड्रॉइंग ऑफिसातला तरुण आला, तेव्हा बोलता बोलता त्याने आपलं वजन बहात्तर किलो सांगितलं. मामा त्याला आपली खोली दाखवतो म्हणून घेऊन गेले आणि काट्यावर उभं करून आले. पंच्याहत्तर भरलं.

"जो स्वतःचं वजन तीन किलोनं खाली सांगतो, तो जहाजाचं काय सांगेल?" त्या दिवशी त्यांनी बायकोला विचारलं.

"बूट घालून उभं केलं असेल तुम्ही," मामी म्हणाल्या. "तुम्ही तर मीठसुद्धा दोनदा चाखता. पोरीला पसंत आहे, आता गप्प बसा."

लग्न झालं. तीन किलो मात्र मामांच्या मनातून उतरले नाहीत.

त्या वर्षी गोदीत एक लहान तोफनौका उभी राहत होती. किनाऱ्याची राखण हे तिचं काम. किनारा वाळूच्या दांड्यांचा, पाणी उथळ, म्हणून तिचा तळ सपाट आणि पाण्यात कमी बुडणारा हवा. समोरून मोठं जहाज आलं तर त्याच्या तोडीचा गोळा टाकायचा, म्हणून तोफ मोठी हवी. गोळा खायची पाळी आली तर टिकली पाहिजे, म्हणून चिलखत जाड हवं. आणि हे सगळं करून तिनं पळायलाही हवं. अंथरूण एवढंसं आणि पाय सगळ्यांचेच लांब. एकाला एक इंच दिला की दुसऱ्याचा उघडा पडतो. असं जहाज आखायचं म्हणजे काय ठेवायचं यापेक्षा काय सोडायचं हेच ठरवत बसणं. जावयाचं हे पहिलंच जहाज, आणि त्यानं ते ठरवलं होतं: वेग थोडा सोडला, कडेचं चिलखत थोडं पातळ केलं. मग वरून हुकूम आला की तोफ आणखी मोठी बसवा. नाकापेक्षा मोती जड व्हायला लागला. जावयानं पुन्हा आकडे जुळवले आणि जमेल म्हणून सांगितलं.

आता इथे मामांची एक खासगी गोष्ट सांगायला हवी. ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. तोफ, तिचा फिरता बुरूज, चिलखताचे पत्रे असा अवजड माल त्यांच्या काट्यावर मावत नसे. त्याचं वजन कारखान्याचे मिस्त्री चिठ्ठीवर लिहून देत. मिस्त्री नेहमी दहावा हिस्सा वाढवून लिहितात, हे मामांनी पहिल्या चार वर्षांतच ओळखलं होतं. उद्या माल जड भरला तर आपल्यावर नको, एवढाच त्यांचा हेतू. मामा काय करत? मिस्त्रीची चिठ्ठी खणात ठेवत, दहावा हिस्सा कापत, आणि आपल्या हातानं नवी चिठ्ठी लिहून, मिस्त्रीचीच नक्कल म्हणून, ड्रॉइंग ऑफिसात पाठवत. तेव्हापासून गोदीची जहाजं कागदाबरहुकूम तरंगत आली होती. साहेब लोकांना वाटे आपली अक्कल. मामा ऐकून मिशीत हसत आणि ताकास तूर लागू देत नसत.

तोफ चढली, बुरूज चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा किटली शेगडीवर ठेवून खिडकीशी आले आणि तिथेच थांबले. जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पांढऱ्या रंगात पाण्याच्या खुणा रंगवलेल्या होत्या. पाणी असायला हवं त्याहून चार बोटं वर होतं.

बाकी कुणाला ते दिसलं नाही, किंवा दिसूनही मोजलं नाही. मामांनी मोजलं. आठवडाभर रोज सकाळी, वारा पडलेला असताना, भरतीच्या हिशेबाशी ताडून. चार बोटं ती चार बोटंच राहिली. आपल्या चिठ्ठ्यांत चूक नाही, याची त्यांना सूर्य उगवण्याइतकी खात्री. मग उरला कोण? मोठ्या तोफेला हो म्हणणारा.

रविवारी ते मुलीकडे गेले. जावई टेबलाशी कागद पसरून बसला होता. सासरे आत येताच त्यानं कागदांवर वही ठेवली. वही ठेवल्याचं मामांनी पाहिलं.

"काय जावईबापू, सुट्टीच्या दिवशीही?"

"थोडं राहिलंय, मामा. बुधवारी डोलाची चाचणी आहे ना."

"तोफेचं वजन बरोबर धरलंत ना?"

"तुमच्याच चिठ्ठीवरून धरलंय."

"जसंच्या तसं?"

जावई हसला. "मामा, जसंच्या तसं कुणी काही धरतं का? तुम्हीच तर शिकवलंय."

हे हसणं मामांना आवडलं नाही. मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिनं दोघांकडे पाहिलं. "बाबा, घरी आलात की गोदी फाटकाबाहेर ठेवून येत जा."

"गोदीच घरात आलीय, पोरी. मी काय करू?"

आत जाताना तिनं कागदांसकट वही उचलून फळीवर ठेवली, आणि तीही यात सामील आहे की काय, असा एक विचार मामांच्या मनाला चाटून गेला. स्वतःच्या लेकीबद्दल. त्यांनाच त्याची लाज वाटली, पण विचार गेला नाही.

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ड्रॉइंग ऑफिस रिकामं होतं. मामा चिठ्ठ्या देण्याच्या निमित्तानं आत शिरले. जावयाच्या उतरत्या टेबलावर वजनांचा तक्ता टाचलेला होता. तोफ. बुरूज. पत्रे. प्रत्येक आकडा त्यांच्या चिठ्ठीपेक्षा कमी. त्यांनी बोटांवर हिशेब केला. बरोब्बर दहावा हिस्सा कमी.

सापडला, ते मनात म्हणाले. मी खऱ्यावर आणून ठेवलेलं वजन यानं खोट्यावर नेलं. मोठी तोफ बसवून दाखवायची हौस, दुसरं काय. त्यांना राग आला आणि रागाच्या खाली बारीकसा आनंदही झाला. माणूस आपण म्हटलं तसाच निघाला, याचा आनंद. ते कुणाशी बोलले नाहीत. बुधवारी सगळ्यांच्या देखत बोलायचं त्यांनी ठरवलं.

बुधवारी सकाळी पाणी आरशासारखं होतं. डोलाच्या चाचणीत जहाजाला मुद्दाम किंचित कलवून बघतात. डेकवर लोखंडी ठोकळे ठेवतात, ते एका कडेवरून दुसऱ्या कडेला सरकवतात. आत लांब ओळंबा सोडलेला असतो. ओळंबा झुलत राहू नये म्हणून त्याचं टोक तेलाच्या टोपात बुडवतात. दोरी फळीवरच्या खुणेपासून किती सरकते, त्यावरून जहाजाचं वजन किती वर चढलंय ते कळतं. वजन वर असेल तर जहाज सहज कलतं आणि परत उभं राहायला आळस करतं. लाटेत तेवढ्यानं साठ माणसं जातात.

मामांनी काठाचे दोर ढिले आहेत का ते स्वतः हात लावून पाहिलं. तळात पाणी साचलेलं नाही ना, तेही डोकावून पाहिलं. खोटं करायच्या सगळ्या जागा त्यांना माहीत होत्या. माणसं खडूच्या खुणांवर उभी राहिली. ठोकळे सरकले. ओळंब्याची दोरी हळूच निघाली, जिथे थांबायची तिथे थांबली नाही, आणि दोन बोटं पुढे जाऊन उभी राहिली.

मोठे साहेब जावयाकडे वळले. "हे काय आहे?"

जावयानं फळीवरची खूण पुन्हा मोजली. "माझ्या कागदावर असं येत नाही, साहेब."

"येणार कसं?" मामा पुढे झाले. खिशातून त्यांनी आपल्या चिठ्ठ्यांच्या नकला काढल्या. "प्रत्येक आकडा दहाव्या हिश्श्यानं कापलाय यांनी. माझी चिठ्ठी बघा, आणि यांचा तक्ता बघा."

साहेबांनी पाहिलं. "कापलंस?"

"हो," जावई म्हणाला. "मिस्त्री लोक दहावा हिस्सा वाढवून लिहितात. मामांनीच पहिल्या वर्षी सांगितलं होतं मला. म्हणून कापला. लपवून नाही कापला, तक्त्याच्या तळाला लिहिलंय तसं."

लिहिलेलं होतं. मामांनी त्या दिवशी तळापर्यंत वाचलंच नव्हतं.

"मग तर वजन खऱ्यावर यायला हवं," साहेब म्हणाले. ते तोफेच्या कारखान्याच्या मिस्त्रीकडे वळले. "तू वाढवून लिहिलंस ना?"

मिस्त्रीनं मान खाजवली. "आता लपवून काय करू. नेहमीसारखंच, साहेब. दहावा हिस्सा."

"म्हणजे एक तर तू आज खोटं बोलतोयस, किंवा यानं तक्त्यात न दाखवता आणखी कुठेतरी कापलंय. संध्याकाळपर्यंत मला एक नाव वर कळवायचंय. ते नाव या गोदीत राहणार नाही." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मिस्त्रीच्या हातची मूळ चिठ्ठी कुठे आहे?"

"माझ्याकडे," मामा म्हणाले. "आणतो."

फाटकापर्यंत दोनशे पावलं होती. ती चालताना मामांना सगळं दिसलं, एकेक पाऊल टाकावं तसं एकेक. मिस्त्रीनं वाढवलं, मी कापलं, पोरानं पुन्हा कापलं. तिघांपैकी कुणी चोर नव्हतं. मिस्त्रीवर विश्वास ठेवू नकोस, एवढं आपण त्याला शिकवलं. ते काम आपण आधीच करून ठेवतो, हे सांगितलं नाही. का सांगितलं नाही? तो आपली युक्ती पळवील म्हणून. काखेत कळसा होता आणि आठ दिवस आपण जावयाच्या घरात वळसे घालत होतो.

खोलीत शेगडी पेटलेली होती, किटली उकळत होती. त्यांनी खण उघडला. मिस्त्रीच्या चिठ्ठ्या सुतळीनं बांधलेल्या होत्या. त्या आगीत गेल्या तर कुणाला कधी कळणार नव्हतं. नाव जावयाचं जाईल किंवा मिस्त्रीचं. त्यांचा हात शेगडीवर धग लागेपर्यंत गेला. त्यांना वहीवरचा मुलीचा हात आठवला, आणि तिच्यावर आपण काय संशय घेतला होता तेही. त्यांनी किटली खाली उतरवली, शेगडीवर राख ओढली, आणि गठ्ठा घेऊन परत निघाले.

डेकवर त्यांनी तो साहेबांच्या हातात दिला. "यांच्यावरून मी नव्या लिहायचो. दहावा हिस्सा कापून. अठ्ठावीस वर्षं. आधीचे ड्रॉइंगवाले साहेब कापत नव्हते, म्हणून जमत होतं."

साहेब एकेक चिठ्ठी बघत राहिले. शेवटी म्हणाले, "सांगितलं असतंत तर, मामा."

"हो. तेवढंच राहिलं." मामा जावयाकडे वळले. "वरचे पत्रे काढा, किंवा तोफ जुनीच लहान बसवा. दोन्ही ठेवायला जाऊ नका. माणसं बसायची आहेत तिच्यात."

"मामा, थांबा जरा," जावई म्हणाला. "मी सांगतो साहेबांना. चूक माझीही आहे."

"तुमची नाही. तुम्ही तळाला लिहिलं होतं."

त्यांनी खोलीची किल्ली साहेबांपुढे धरली. साहेबांनी ती लगेच घेतली नाही, पण मामांनी हात मागे घेतला नाही, तेव्हा घेतली. मग ते शिडीवरून उतरले, काठाकाठानं चालू लागले. एकदाही त्यांनी नाळेवरच्या खुणेकडे पाहिलं नाही.

मिस्त्री कठड्याला टेकून बघत होता. "मामा वळतील बघा," तो हळूच म्हणाला. "काहीतरी मोजायचं राहिलं असणार."

दोरखंडांच्या कोठाराच्या कोपऱ्याआड सासऱ्यांची टोपी दिसेनाशी झाली, तरी जावई त्या कोपऱ्याकडे बघत उभा होता. साहेबांनी दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा तो वळला.