काकूंनी मुरवलेला मासा

"भैया, मुरू द्या. जल्दी कशाची?" लोणच्याच्या बरणीकडे माझा हात गेला की काकू तो हलकेच बाजूला सारायच्या. कोकणात वाढलेल्या मला कुणी भैया म्हणेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण नोकरी झाशीच्या कारखान्यात लागली, प्रेमनगरात काकूंच्या घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला, आणि पहिल्याच दिवशी मी भैया झालो.

काकूंचं घराणं पुजाऱ्यांचं. पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून आले ते इथलेच झाले. बोलताना निम्मी हिंदी यायची, तरी 'आमच्यात असं नाही म्हणत' असं सांगून त्या माझंच मराठी सुधारायच्या. त्यांच्या हातचं लोणचं इथल्या मराठी घरांत वाटलं जाई. प्रत्येक गोष्ट मुरली की बरी होते यावर त्यांचा देवाइतकाच विश्वास. नवं लोणचं, नवा भाडेकरू, नवं भांडण, सगळ्यावर औषध एकच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एका कुलपाला लागलेली किल्ली ती घरातल्या सगळ्या कुलपांना लावून बघतात.

मुलाच्या बाबतीत मात्र ती लागली नाही. होस्टेलात असताना तो मासे खायला लागला आणि सुट्टीत घरी येऊन त्याने आईला ते खरं खरं सांगून टाकलं. काकूंनी त्याच दिवसापासून त्याचं ताट वेगळं केलं. पुढे तो नोकरीला बंगळुरूला गेला. यायचा तो एखाद्या दिवसापुरता, आणि बाहेरून जेवून आलोय म्हणायचा. राग मुरेल, मग येईल आपणहून, असं काकू म्हणत राहिल्या. त्यात वर्षं गेली.

मी आणि माझी बायको रविवारी गच्चीवर शेगडी पेटवून मासा भाजत असू. काकूंची अट एवढीच, की जिन्याचं दार लावून घ्यायचं. पुढे पुढे त्याच दारात, नाकाला पदर लावून, त्या स्वतः उभ्या राहू लागल्या. मसाल्यात काय काय पडतं ते बायकोला विचारायच्या. हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण, थोडं तेल आणि लिंबू, एवढं ऐकून त्यांना नवल वाटलं. लोणच्याला याहून कितीतरी जास्त खटाटोप लागतो, म्हणाल्या.

एका हिवाळ्यात त्या वर आल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मनाशी घोकून आलेल्या दिसत होत्या.

"रविवारी तो येतोय. एक मासा आणून द्याल? मसाला मी लावीन. ताट मी वेगळं केलं होतं, तर हेही मीच करायला हवं."

मी नुसती मान हलवली.

रविवारी सकाळी मी रोहूचे तुकडे करून आणले. हळद-तिखट काकूंनी स्वतः बडा बाजारात जाऊन आणलं होतं. लिंबू मात्र भाजायच्या अर्धा तास आधी, असं बायकोने त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी मान डोलावली. आम्ही कोळसा आणायला माणिक चौकात गेलो. परत येतो तर काकूंनी सगळी लिंबं पिळून, लोणच्याला घालतात तसं मीठ घालून, भांडं झाकून आमच्या फ्रीजमध्ये ठेवलेलं. जन्मात ज्यांनी माशाला बोट लावलं नव्हतं त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते.

"दिवसभर मुरेल. शाम को बघा आता," त्या म्हणाल्या. इतक्या खुशीत होत्या की खरं सांगायची आम्हा दोघांची छाती झाली नाही.

संध्याकाळी मुलगा आला. काकू त्याला थेट गच्चीवर घेऊन आल्या. शेगडी बघून तो जिन्याच्या दारातच थांबला. मी पहिला तुकडा जाळीवर ठेवला आणि उलटायला गेलो, तर अर्धा निखाऱ्यात पडला. लिंबात दिवसभर राहिलेला मासा पांढरा पडतो, भुसभुशीत होतो, तो काय जाळीवर टिकणार? दुसऱ्याचं तेच झालं. तिसऱ्याचंही.

"माझं काही चुकलं का?" काकूंनी माझ्या बायकोला हळूच विचारलं.

उत्तर मुलानेच दिलं. "आई, राहू दे. मछली तर मी, ताट वेगळं झालं त्याच साली सोडली."

"मग सांगितलं का नाहीस रे?"

"तू विचारलंच नाहीस."

मग तो शेगडीजवळ उकिडवा बसला आणि जाळीला चिकटलेला चुरा बोटांनी काढून खाऊ लागला. कसं झालंय, असं काकूंनी विचारलं. मीठ जास्त झालंय म्हणाला, आणि खातच राहिला. काकू रडत होत्या आणि रडता रडता त्याला फुंकून खा म्हणत होत्या.

होळीला चार दिवस राहायला येतो, असं सांगून तो गेला. होळीच्या आधीच काकू गेल्या, झोपेत. इतकी वर्षं एकमेकांची वाट बघत बसलेल्या दोन माणसांना मिळून एकच संध्याकाळ लाभली, याचं मला अजून फार वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. आईने माशाला काय काय लावलं होतं, विचारत होता. मी सगळं सांगितलं आणि बजावलं, की लिंबू शेवटी पिळ, नाहीतर मासा मोडेल.

"नाही भैया, सकाळीच पिळणार," तो म्हणाला. "मला मोडलेलाच हवाय."

मी म्हटलं, "मग मीठही जरा जास्तच घाल."