कॅनमधलं गरम पाणी

यूसुफभाई गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्यांनीच बांधून दिलेल्या एका जुन्या शब्दकोशाची पानं उलटत होते. कोश मिटला आणि बराच वेळ तसाच मांडीवर धरून बसले... परदेशीपुऱ्यात त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं आणि मी कॉलेजात ग्रंथपाल. आमची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे जात आणि धडधाकट होऊन परत येत. पण आज, पाच आठवड्यांनंतर, त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे ती पुस्तकांमुळे नव्हे, पाण्यामुळे.

त्यांच्या मोहल्ल्यातली माणसं मिळून दरवर्षी धान्य वाटत. जकात धर्मानं घालून दिलेल्या नियमांनी जाते. सदका आपखुशीचा, तो कुणालाही देता येतो. या सदक्यातून पीठ, डाळ, तेल भरलेल्या बोऱ्या गौतमपुऱ्याच्या पलीकडच्या गावांत जात, जिथे पाऊस झाला नाही की आधी मजुरी थांबते आणि मग चुली. निवृत्तीनंतर मीही याद्या लिहायला जाऊ लागले. वाटप रमजानात करावं असं बाकीच्यांचं म्हणणं असे, यूसुफभाई मात्र ते आधीच उरकायला लावत. कारण विचारलं तर म्हणाले, “रोज़े में किसी के घर का पानी कैसे पीऊँगा, मॅडमजी?”

याचा अर्थ मला पहिल्याच फेरीत कळला, तोही माझ्या चुकीमुळे. यूसुफभाई कधी रांग लावत नसत. प्रत्येक घरी पाहुण्यासारखे जात, ओट्यावर टेकत, समोर आलेलं पाणी पीत आणि मगच बोरी आत ठेवत. त्या दिवशी गेंदीबाईच्या दारात त्यांनी बोरी उंबऱ्याशी टेकवली आणि हसत माझी ओळख करून दिली, “ये हमारी मॅडमजी, पंडितों के घर की, फिर भी मेरे साथ धूल खाती हैं.” घरात ती म्हातारी आणि दोन नाती. आदल्या दिवसापासून तिथे चूल पेटली नाही, असं शेजारणीनं सांगितलं होतं. गेंदीबाईनं माझ्यापुढे लोटा धरला. मागचं मडकं तळाला गेलेलं मला दिसत होतं, टँकरही आला नव्हता. तहान नाही म्हणत मी हात मागे घेतला. तिचा चेहराच बदलला. “म्हारा घर को पाणी नी पीवो, तो नाज भी पाछो लइ जाव,” धान्यही परत न्या म्हणाली आणि बोरी स्वतः ओढत तिनं बाहेर रस्त्यावर आणली. नाती बोरीकडे बघत राहिल्या.

यूसुफभाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “आपने तरस खाया, उसने छुआछूत समझी. गलती मेरी भी है, पंडित-पंडित मैं ही बोला. जाओ, माँग के पियो. बोरी अपन बाद में लाएँगे.” मी परत गेले, पाणी मागितलं. तिनं मला नीट न्याहाळलं, मग लोटा भरला. मी प्यायले. तेव्हा कुठे यूसुफभाई बोरी घेऊन आले आणि खांद्यावरचा निळा कॅन उतरवत म्हणाले, “माँ, मेरा पानी धूप में गरम हो गया. तुम्हारे मटके में ठंडा होने रख दूँ?” सगळा कॅन त्यांनी मडक्यात रिता केला, आणि निघताना ते पाणी न्यायला विसरून गेले. पुढे दर घरी ते असेच विसरत. टेम्पोत आणखी कॅन भरून ठेवलेले असत. पाणी गार राहावं म्हणून कॅनला गोणपाटाचं वेष्टन शिवून देऊ का, असं मी एकदा विचारलं. “फिर बहाना क्या बनाऊँगा?” म्हणाले.

ते गेले तेव्हा यंदाच्या बोऱ्या भरून तयार होत्या. मोहल्ल्याच्या बैठकीत नईमनं, वाटपाचं आता सगळं तोच बघतो, सुचवलं की टेम्पो गावच्या चौकात लावू आणि रांगेत वाटू. “घर-घर पानी पीते बैठे तो ईद वहीं मनानी पड़ेगी भिया!” सगळे हसले. मी सभेत बोलणारी बाई नाही. त्या दिवशी मात्र उभी राहिले. म्हटलं, “चौक में गेंदीबाई नहीं आएगी. बोरी वहीं से लौट आएगी और उसकी पोतियाँ भूखी रहेंगी. जो लाइन में नहीं लग सकते, वो घर मुझे दे दो.” नईमनं विचारलं, “और कॅन कौन उठाएगा?”

“मैं.”

रमजानाच्या आधीच आम्ही गेलो. गेंदीबाईनं माझ्या मागे कुणी येतंय का पाहिलं. यूसुफभाई गेल्याचं मी सांगितलं. तिनं आत जाऊन लोटा भरून आणला. मी प्यायले, बोरी आत ठेवली, कॅन उतरवला. “माँ, मेरा पानी धूप में...” तिनं उठून मडक्यावरचं झाकण काढलं.

“वी भी योज केता था,” ती म्हणाली. तेही हेच म्हणायचे... म्हणजे हा बहाणा आहे, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तो कॅन आता माझ्या स्वयंपाकघरात ओट्याखाली असतो. त्यांच्या खांद्यावर घासून एका बाजूचा निळा रंग फिका झाला आहे. परवा शेजारणीनं विचारलं, याला छानसं कापडी वेष्टन शिवून देऊ का, पाणी गार राहील.

मी नको म्हटलं.