बेगडाचा नारळ

अटलांटिक सिटी म्हटलं की मला आधी वास आठवतो. खाऱ्या वाऱ्यात मिसळलेला तळणाचा आणि साखरेच्या पाकाचा वास, आणि त्याच्या तळाशी, किनाऱ्यालगतच्या वाटेच्या, उन्हानं तापलेल्या लाकडी फळ्यांचा, एखाद्या जुन्या गलबतासारखा. लोक याला जुगाराचं गाव म्हणतात. ते आहेच तसं, मी कुठं नाही म्हणते?

आमच्या पार्सिपनी गावाहून आम्हा म्हाताऱ्यांची बस सकाळी निघते. दोन-अडीच तास पाइनची दाट झाडी, आणि मग एकाएकी झाडं संपतात, दोन्ही बाजूंना खाऱ्या दलदलीचं खाजण पसरतं. भरतीनं काठोकाठ भरलेलं, गवताच्या हिरव्या निःशब्दतेत बुडालेलं. आणि त्या गवताच्या शेंड्यांवर, पाण्यातून उगवल्यासारखे, काचेचे मनोरे. समुद्र आणि खाजण यांच्यामधली वाळूची एक चिंचोळी पट्टी, एवढंच ते गाव. समुद्राकडच्या काठावर सगळा लखलखाट, आणि दोन गल्ल्या मागं गेलं की फळ्या ठोकून बंद केलेल्या खिडक्या, रान माजलेले रिकामे प्लॉट, ‘सोनं विकत घेतो’ अशा पाट्यांची दुकानं. त्या पाट्या मी कितीदा वाचल्या असतील! वाचल्या, आणि पुढं गेले.

मी जुगार खेळत नाही. मी जाते ती समुद्रासाठी. माझा जन्म हर्णैचा. वडील काही होडीवाले नव्हते, पोस्टात होते. पण आमच्याकडे समुद्र सगळ्यांचाच देव. म्हणून दर नारळी पौर्णिमेला इंडियन ग्रोसरीतून एक नारळ आणते, त्याला सोनेरी बेगड गुंडाळते आणि या परक्या पाण्यात सोडते. समुद्र वेगळा आहे हे कळतं हो मला, पण पाणी कुठंतरी पाण्याला मिळालेलंच असतं, अशी आपली मनाची समजूत.

शालू तीस वर्षं माझी शेजारीण. तिचे यजमान, डॉक्टर, गेले आणि तिनं घराचे पडदे उघडणं सोडलं. मुलगा रोहित लांब, दुसऱ्या राज्यात, ट्रॉयला. मीच तिच्या मागं लागले, “चल गं, वारा तरी लागेल अंगाला.” हात धरून बसमध्ये बसवलं. पहिल्या दिवशी गंमत म्हणून कॅसिनोत शिरलो. आत खिडकी नाही, घड्याळ नाही, ऋतू नाही. नुसता सुगंधी गारवा आणि यंत्रांची मंजुळ किणकिण. शालू एका यंत्रासमोर बसली आणि म्हणाली, “उषाताई, इथं कुणी मला ‘कशी आहेस’ म्हणून विचारत नाही. किती बरं वाटतं गं!” मी हसले. मला वाटलं, बाईला विसावा मिळाला.

त्यानंतर ती माझ्याआधी बसपाशी उभी असायची. मी किनाऱ्यावर, ती आत. आत असली की फोन उचलायची नाही, मग रोहित मला करायचा. “मावशी, आई बरी आहे ना?” मी म्हणायची, “मजेत आहे रे!” “ओके मावशी, थँक्स,” म्हणून तो निश्चिंत व्हायचा. दोन वर्षं मी त्याला हेच एक वाक्य दिलं.

या पौर्णिमेला मी तिला हट्टानं आधी पाण्यापाशी नेलं. नारळ तिच्या ओंजळीत ठेवला. तिनं हात उचलले, बाह्या मागं सरकल्या, आणि काहीच वाजलं नाही. तिच्या सासूबाईंच्या पाटल्या, कणीक मळताना परातीच्या काठावर टणटण वाजणाऱ्या, ज्यांच्या आवाजावरून भिंतीपलीकडे मला तिची सकाळ कळायची, त्या मनगटांवर नव्हत्या.

“पाटल्या कुठं गं?”

शालू समुद्राकडे बघत हसली. “तू बेगडाचा नारळ देतेस. मी आतल्या त्या यंत्रांना खऱ्या सोन्याच्या पाटल्या दिल्या. तुझ्यापेक्षा मोठी भक्तीण मी!”

“कुणाला ठाऊक आहे?” मी विचारलं.

“तुला. आत्ता.”

तिनं नारळ सोडला. लाटेनं तो उचलला, थोडा आत नेला, फिरवला आणि परत आणून आमच्या पायांशी ठेवला. बेगड निघालेला, तपकिरी, ओला. शालू वाकली. मी सवयीनं म्हटलं, “दिलेलं परत घेऊ नये.”

“मग त्यानं का परत दिलं?” म्हणाली, आणि नारळ ओढणीच्या पदरात घेतला. त्या दिवशी ती आत गेली नाही. बस सुटेपर्यंत आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. मी तिला रागावले नाही. कोणत्या तोंडानं रागावणार होते?

परतीच्या वाटेवर माझा फोन वाजला. रोहितच. “मावशी, आई बरी आहे ना?”

ते वाक्य जिभेवर तयार होतं. मी ते गिळलं आणि फोन शालूच्या मांडीवर, नारळाशेजारी ठेवला. “तूच सांग,” म्हटलं.

“आई? यू देअर?” फोनमधून बारीक आवाज येत राहिला. तिनं मांडीवरचा नारळ बाजूला सारला. मग फोन उचलला. “रोहित, तुझ्या आजीच्या पाटल्या...” म्हणाली आणि थांबली.

मी तोंड खिडकीकडे वळवलं. ओहोटी लागली होती. सकाळचं ते तुडुंब खाजण आता उघडं पडलं होतं. काळा चिखल, त्यातून वाट काढणाऱ्या पाण्याच्या बारीक चकाकत्या रेघा, कुजल्या गवताचा उग्र वास. आणि सकाळी एकही न दिसलेले बगळे त्या चिखलात शेकड्यांनी उतरले होते, शांतपणे वेचत. जन्म समुद्राकाठी झाला माझा, तरी मी नेहमी भरतीच बघत आले होते.

मागं शालू पुन्हा बोलू लागली होती, हळू, अडखळत. मी वळून पाहिलं नाही.